‘फाईल उघडली ना, मग कापा’ : कॅड ड्रॉईंग एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना या चुका टाळा

भोसरी एमआयडीसीतल्या एका लेसर कटिंग शॉपमध्ये मी प्रोग्रामिंग करते. पार्टीकडून येणारी प्रत्येक फाईल आधी माझ्या टेबलावर येते. कुणी ऑटोकॅडवर काढलेलं असतं, कुणी सॉलिडवर्क्सवर, जाळीवाले कोरलड्रॉवर, आणि काहींची नुसती पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडते. मशीनसाठी मला मात्र शेवटी डीएक्सएफच लागते, म्हणजे एका सॉफ्टवेअरमधल्या रेघा दुसऱ्याला देण्याची फाईल. हे काम करता करता चौदा वर्षं झाली आणि फाईल बिघडण्याची कारणं अजून तीच आहेत. मुलं बदलतात, सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलते, चूक तशीच राहते. म्हणून एकदा लिहून काढते आहे.

सगळ्यांच्या मुळाशी एकच समज असतो : फाईल उघडली म्हणजे ड्रॉईंग नीट आलं. तसं नसतं. एका प्रोग्रामची गोष्ट दुसऱ्याला कळली नाही, तर तो बहुतेक वेळा काही बोलत नाही. तो ती गाळतो किंवा तिच्या जागी जवळपासचं काहीतरी ठेवतो. स्क्रीनवर सगळं जागच्या जागी दिसतं. म्हणून फाईल बरोबर आहे की नाही, हे फाईलच्या बाहेरच्या कशाशी तरी ताडून बघावं लागतं.

अर्ध्या मापाची प्लेट

डीएक्सएफ हा प्रकार १९८२ साली ऑटोकॅडच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आला. तिच्यात माप म्हणजे नुसता आकडा. १०० लिहिलंय ते मिलिमीटर की इंच, हे सांगणारी नोंद फाईलच्या सुरुवातीला लिहायची सोय ऑटोकॅड २००० पासून आली. ऑटोकॅडच्या आर-१२ या जुन्या आवृत्तीत ती नाही. आणि नोंद असली तरी समोरचा प्रोग्राम ती वाचेलच असं नाही.

इंच-मिलिमीटरचा घोटाळा झाला तर मला फारशी भीती वाटत नाही, कारण तो लपत नाही. २५.४ पटीचा फरक पडतो. २२० मिमीची प्लेट साडेपाच मीटरची होते, बेडवर मावतच नाही, कुणीही थांबतं. सेंटिमीटरचा दहापटीचा फरकही डोळ्याला दिसतो. घात करते ती निमपट.

काही वर्षांपूर्वी एका पार्टीची बेस प्लेटची ऑर्डर होती. ६ मिमी एम.एस. (साधं पोलाद), ६४ नग, चार कोपऱ्यांत चार भोकं. डीएक्सएफ आली, त्यात नुसती आउटलाईन. मापं काढून टाकून पाठवा असं आम्हीच सगळ्यांना सांगायचो, कारण नेस्टिंगला, म्हणजे पत्र्यावर नग मांडून घेताना, मापांच्या रेघा नको असतात. मी फाईल उघडली. ११० बाय ९० ची प्लेट, ९ मिमीची भोकं. एम-८, म्हणजे ८ मिमीच्या, बोल्टला ९ चं भोक देतातच, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती. नेस्टिंग केलं, कट झालं, डिबरिंग (कडांची धार काढणं) झालं.

संध्याकाळी डिस्पॅचचे काका टेबलाशी आले. म्हणाले, “ताई, चलनावर ११६ किलो लिहिलंय. काट्यावर २९ च भरतंय. नग दोनदा मोजले, ६४ आहेत.”

११६ आणि २९. बरोबर चौथा हिस्सा. लांबी निम्मी, रुंदी निम्मी, म्हणजे वजन पाव. तिथेच माझ्या पोटात गोळा आला. पार्टीला फोन लावून पीडीएफ मागवली. प्लेट २२० बाय १८० ची होती, बोल्ट एम-१६ चे आणि भोकं १८ ची. त्यांच्या मुलाने थ्रीडी मॉडेलवरून ड्रॉईंग शीट बनवली होती, शीटचं स्केल १:२ होतं, आणि ती शीटच त्याने डीएक्सएफ म्हणून सेव्ह केली. एक्स्पोर्टच्या वेळी आउटपुट १:१ ठेवण्याचा पर्याय असतो, त्यावर टिक नव्हती. त्याच्या स्क्रीनवर मापं २२० आणि १८० च दिसत होती, कारण मापाचा आकडा मॉडेलवरून येतो. कागदावरची रेघ मात्र ११० चीच होती, आणि डीएक्सएफमध्ये गेली ती रेघ.

६४ प्लेटा भंगारात गेल्या. रात्रपाळी लावून दुसऱ्या कापल्या. नुकसान आम्ही आणि पार्टीने निम्मं-निम्मं घेतलं. त्या मुलाला त्याच्या साहेबांनी काय ऐकवलं असेल ते मला माहीत नाही, पण चूक त्याच्या एकट्याची नव्हती. मापं काढून पाठवा हे आमचं सांगणंच चुकीचं होतं.

तेव्हापासून माझ्या तीन सवयी आहेत आणि कितीही घाई असली तरी त्या मी सोडत नाही. डीएक्सएफबरोबर मापांसकट पीडीएफ आल्याशिवाय जॉब उघडत नाही. उघडल्यावर सगळ्यात लांब बाजू आणि एक भोक अशी दोन मापं डिस्ट या अंतर मोजायच्या कमांडने घेऊन पीडीएफशी जुळवते. आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यात मोलाची : वजन काढते. क्षेत्रफळ गुणिले जाडी गुणिले ७.८५ (पोलादाची घनता), आणि ते कोटेशनच्या वजनाशी ताडते. कोटेशन वेगळ्या माणसाने, वेगळ्या कागदावरून केलेलं असतं, म्हणून ती खरी तपासणी ठरते.

नवी मुलं इथे एक शॉर्टकट मारतात. फाईल निम्मी आहे असं कळलं की स्केल कमांडने दुप्पट करून पुढे जातात. असं करू नका. शीटवर मुख्य व्ह्यू १:२ चा आणि बाजूला डिटेल २:१ चा असेल, तर एकाच आकड्याने दोन्ही जुळणार नाहीत. मी फाईल परत पाठवते आणि मॉडेलवरून १:१ ची नवी मागते. अर्धा तास जातो. जाऊ दे.

‘आर-१२ मध्ये सेव्ह कर, सगळीकडे चालतं’

हा सल्ला मी इतक्या जणांकडून ऐकलाय की त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं. सल्ला अर्धा खरा आहे. ड्रॉईंगमध्ये फक्त रेघा, आर्क आणि वर्तुळं असतील तर आर-१२ उत्तम. साधी फाईल आहे, जुन्यात जुनं मशीनही ती वाचतं. पण आर-१२ ला स्प्लाईन, म्हणजे मुक्त वळणाची रेघ, माहीत नाही आणि लंबवर्तुळही माहीत नाही. ते दोन्ही त्यानंतर आले. तुम्ही स्प्लाईन असलेलं ड्रॉईंग आर-१२ मध्ये ढकललंत की प्रत्येक वळणाचे बारीक सरळ तुकडे होतात.

एका पॅकेजिंग मशीनवाल्यांच्या कॅम प्लेट कापल्या होत्या, एस.एस. ३०४ (स्टेनलेस स्टील), १० मिमी. माप बरोबर, भोकं बरोबर. पण कडेवर बोट फिरवलं की पैलू लागत होते. त्या कडेवर बेअरिंग धावणार होतं, त्यामुळे अख्खा लॉट परत आला. प्रोफाईल पाहिलं तर एका गोलाईत शेकडो रेघा. लेसरचं हेड अशा प्रत्येक सांध्याशी वेग कमी करतं, तिथे उष्णता साठते आणि कट खराब होतो. वेळही जास्त जातो, म्हणजे गॅसही जास्त.

कोरलड्रॉकडून येणाऱ्या फाईलींची दुसरी तऱ्हा. तिथे वर्तुळाची स्प्लाईन होऊन येते. दिसतं गोलच, पण नेस्टिंग सॉफ्टवेअरला ते भोक आहे हे कळत नाही. मग भोकासाठी लावलेलं पिअर्सिंग (पत्र्याला पहिलं छिद्र पाडणं) आणि लीड-इन (तिथून कटच्या रेघेवर येणं) तिथे लागत नाही.

माझा उपाय तुम्हाला जुनाट वाटेल. आर्क बसवून देणारी कमांड बहुतेक नेस्टिंग सॉफ्टवेअरमध्ये असते आणि जाळीच्या डिझाईनला मी ती वापरते, ०.०२ मिमीच्या आत. पण ज्या कडेवर काही फिरणार किंवा बसणार आहे, ती मी पीडीएफवरची त्रिज्या वाचून हाताने पुन्हा काढते. भोकंही स्प्लाईन पुसून खरी वर्तुळं म्हणून ठेवते. वीस भोकं असली तरी दहा मिनिटांचं काम आहे.

सांधे उघडे असले तर पीएडिट कमांडने जोडताना फझ अंतर (किती फट बुजवायची तो आकडा) ०.०५ च्या वर नेऊ नका. नेस्टिंगला ‘ओपन कंटूर’ (कड बंद नाही) असं आलं की मुलं सरळ १ मिमी देऊन मोकळी होतात. बेंडिंगच्या कोपऱ्याला ठेवलेला ०.८ चा रिलीफ (पत्रा फाटू नये म्हणून सोडलेली खाच) त्यात बुजून गेलेला मी पाहिला आहे. मग ब्रेकवर, म्हणजे वाकवायच्या मशीनवर, पत्रा कोपऱ्यात फाटतो आणि दोष बेंडिंगवाल्याच्या माथी बसतो.

‘सॉफ्टवेअर तर एकच आहे’

एअरबस ए-३८० या विमानाची गोष्ट या धंद्यातल्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावी. जर्मनीत कॅटिया या कॅड सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते, फ्रान्समध्ये पाचवी. नाव एकच, आतली रचना निराळी. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर, आणि जोडणीच्या वेळी हार्नेस (वायरचे जुडगे) जागेवर पोचेनात, आखूड पडले. ग्राहकांना विमानं उशिरा मिळतील असं कंपनीला २००६ मध्ये जाहीर करावं लागलं.

आपल्याकडे हाच प्रकार डीडब्ल्यूजीचा, म्हणजे ऑटोकॅडच्या मूळ फाईलचा. ‘ऑटोकॅडची फाईल आहे’ एवढ्याने काही कळत नाही. डीडब्ल्यूजी नोटपॅडमध्ये उघडा. पुढे सगळी गिचमिड दिसेल, पण पहिली सहा अक्षरं वाचता येतात : एसी१०२७ असेल तर २०१३ चा फॉरमॅट, एसी१०३२ असेल तर २०१८ चा. उघडत नसेल तर आवृत्ती उतरवून घ्यायला ओडीए (ओपन डिझाईन अलायन्स) या संस्थेचा फाईल कन्व्हर्टर मोफत मिळतो आणि तो आपल्याच कॉम्प्युटरवर चालतो. पार्टीचं ड्रॉईंग कुठल्याशा फुकट वेबसाईटवर चढवून बदलून घेऊ नका. ते ड्रॉईंग तुमच्या मालकीचं नाही. विश्वासाने दिलेलं असतं.

थ्रीडीवाल्यांसाठी

स्टेप द्या, आयजीईएस नको. दोन्ही थ्रीडी मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचे फाईल-प्रकार आहेत. आयजीईएसची शेवटची आवृत्ती १९९६ ची आहे, आणि तिच्यातून बऱ्याचदा सॉलिडऐवजी सुटे पृष्ठभाग येतात, शिवण उसवलेल्या कपड्यासारखे. दोन्ही सॉफ्टवेअर पॅरासॉलिड कर्नेलवर (आकार घडवणाऱ्या आतल्या इंजिनावर) असतील, उदाहरणार्थ सॉलिडवर्क्स आणि सॉलिड एज, तर थेट पॅरासॉलिडच पाठवा. मधला दुभाषा वाचतो.

स्टेपमधून फीचर ट्री, म्हणजे मॉडेल कसं बनवलं त्याच्या पायऱ्यांची यादी, येत नाही. ‘माझे फिलेट कुठे गेले’ म्हणून पुन्हा पुन्हा एक्स्पोर्ट करून बघणाऱ्यांनी तो नाद सोडावा.

आणि आटे. मॉडेलमध्ये दाखवलेला कॉस्मेटिक थ्रेड (नुसता दिसण्यापुरता आटा) साध्या स्टेपमधून जात नाही. एम-८ चा टॅप असलेलं भोक समोर ६.८ चं गुळगुळीत भोक म्हणून उघडतं. व्हेंडर ६.८ चा ड्रिल मारतो आणि जॉब पाठवून देतो, त्याचं काही चुकलेलं नसतं. म्हणून टॅपिंग असेल तिथे टूडी ड्रॉईंग लागतंच.

राहिलेल्या चुका

बेंड लाईन वेगळ्या लेयरवर ठेवा, किंवा काढून टाका. आउटलाईनच्या लेयरवर राहिली तर लेसर तिथेही कापतो आणि ट्रेच्या चार पट्ट्या होतात.

एकावर एक पडलेल्या रेघा ओव्हरकिल कमांडने काढा. दर वेळी.

व्यासाची खूण ऑटोकॅडमध्ये दोन टक्के-चिन्हं आणि सी अशी टाकतात. दुसरीकडे तिचं प्रश्नचिन्ह किंवा चौकोन होतो आणि ‘?१२’ वाचून कुणी त्रिज्या समजतं.

हाताने टाइप केलेलं माप खोटं असतं. रेघ ९८ ची आणि वर लिहिलंय १००, तर मशीन ९८ च कापणार.

परदेशी पार्टीचं ड्रॉईंग असेल तर प्रोजेक्शनची, म्हणजे बाजूचे व्ह्यू कुठे मांडले आहेत त्याची, खूण बघा. अमेरिकेत थर्ड अँगल, आपल्याकडे फर्स्ट अँगल. डाव्याचा उजवा ब्रॅकेट होतो, आणि ग्रेन (एका दिशेच्या बारीक रेघा) असलेल्या एस.एस. शीटचा असेल तर उलटा करूनही वापरता येत नाही.

मराठी नावाची पाटी असेल तर अक्षरं कर्व्ह (फाँटऐवजी नुसत्या रेघा) करूनच पाठवा. श्रीलिपीचा जुना फाँट माझ्या मशीनवर नसला तर नावाच्या जागी भलतीच रोमन चिन्हं उमटतात. कर्व्ह केल्यावर वेलांटी-रफार जागेवर आहेत का ते पाठवण्याआधी स्वतः वाचा. घराच्या दारावर लागणारं नाव असतं ते.

स्कॅन केलेल्या पीडीएफमधून कुठलंही सॉफ्टवेअर मापाबरहुकूम ड्रॉईंग काढून देत नाही. मापं वाचून पुन्हा काढावं लागतं, आणि त्याचे पैसे आम्ही घेतो.

मूळ फाईलवर सेव्ह करू नका. माझ्याकडे प्रत्येक जॉबचे तीन फोल्डर असतात : ‘आलेली’, ‘साफ केलेली’, ‘कट’. ‘आलेली’ मधली फाईल मी उघडते फक्त कॉपी करायला, आणि पार्टीचा मेलही पीडीएफ करून तिथेच ठेवते.