सेंट्रल लॉकला एकच दरवाजा दाद देत नसेल तर

जुन्या गाडीचे बाकी दरवाजे लॉक होतात, एकच होत नाही? लगेच त्या दरवाजातली लॉकची मोटर बदलू नका. (एकही दरवाजा लॉक होत नसेल तर आधी फ्यूज बघा.)

१. कुणाला तरी लॉकचं बटण पुन्हा पुन्हा दाबायला सांगा.
२. तुम्ही तो दरवाजा हळूहळू उघडा-मिटा. एखाद्या कोनात मधेच 'खट्' वाजलं, तर मोटर चांगली आहे, वायर तुटली आहे.
३. बिजागरीजवळचं रबरी कव्हर सरकवा. वर्षानुवर्षं वाकून वायर बहुधा तिथेच तुटते. नवा तुकडा घाला, पण जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर घ्या, नाहीतर पुन्हा तुटेल.

हे करताना किल्ली खिशात आणि एक काच खाली ठेवाच.