ब्राउझर बदलायचाय? आधी तुमचा वैताग लिहून काढा

मी धायरीत घरूनच छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीचं काम करते, दिवसाचे आठ-नऊ तास ब्राउझरसमोर जातात, त्यामुळे ओळखीतले बरेच जण मला विचारतात की कोणता ब्राउझर टाकू, आणि लगेच पुढचं वाक्य असतं, सगळ्यात फास्ट कोणता? माझ्या मते सुरुवात इथेच चुकते. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी हे सगळे आतून एकाच क्रोमियमवर, म्हणजे गूगलच्या खुल्या ब्राउझर-कोडवर चालतात, ऑपेराने स्वतःचं इंजिन, म्हणजे पेज उभं करणारा आतला भाग, 2013 ला सोडलं आणि मायक्रोसॉफ्टने नवा एज जानेवारी 2020 मध्ये क्रोमियमवर आणला. वेगळं इंजिन म्हणाल तर विंडोजवर फायरफॉक्स, आणि मॅक असेल तर सफारी. मग पेज अर्धा सेकंद आधी उघडलं की नंतर, याने तुमच्या दिवसात काही फरक पडत नाही. फरक पडतो तो रोज डोकं उठवणाऱ्या बारीकसारीक गोष्टींनी.

म्हणून पहिलं काम हे करा. आठवडाभर एक कागद कीबोर्डशेजारी ठेवा आणि ब्राउझरवर चिडलात की तिथल्या तिथे एक ओळ लिहा, नंतर आठवून लिहू म्हणाल तर राहून जातं. माझ्या कागदावर आलं होतं ते असं: दोन क्लायंटचे लॉगिन एकमेकांत घुसतात, दुपारनंतर लॅपटॉप गरम होऊन पंखा ओरडतो, नवीन टॅब उघडला की नको त्या बातम्या, बाबांना अक्षर बारीक दिसतं, गुरुवारी लाइट गेली आणि उघडे असलेले सगळे टॅब गेले. यातलं शेवटचं तर सेटिंगने सुटतं, त्यासाठी ब्राउझर बदलायची गरजच नाही. क्रोमच्या सेटिंगमध्ये स्टार्टअपला 'कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ' निवडा, बाकीच्यांतही असाच पर्याय असतो, आणि चुकून टॅब बंद झाला तर कंट्रोल-शिफ्ट-टी, झालं.

लॉगिनचं मात्र सविस्तर सांगते कारण यात माझं खरंच नुकसान होता होता राहिलं. 20 तारीख होती, एका टॅबमध्ये तुळशीबागेतल्या क्लायंटचं रिटर्न अर्धं भरलेलं, तेवढ्यात दुसऱ्याचा फोन आला म्हणून त्याच साइटवर दुसऱ्या टॅबमध्ये त्याचं लॉगिन केलं, परत पहिल्या टॅबवर येऊन सेव्ह दाबणार तर वर कोपऱ्यात नाव दुसऱ्याचं! असं का होतं तर लॉगिनची ओळख कुकीत, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीत असते आणि एका साइटची कुकी त्या ब्राउझरच्या सगळ्या टॅबना मिळून एकच, त्यामुळे नंतरचं लॉगिन आधीच्याला पुसून टाकतं. याला दोन उपाय आहेत. क्रोम किंवा एजमध्ये प्रत्येक क्लायंटचं वेगळं प्रोफाइल बनवा, त्याचे बुकमार्क, पासवर्ड, हिस्ट्री सगळंच वेगळं राहतं, दोन-तीन जण असतील तर हे उत्तम, पण मला बारा क्लायंट आणि बारा खिडक्या सांभाळणं जमेना. फायरफॉक्समध्ये तो बनवणाऱ्या मोझिलाचंच मल्टी-अकाउंट कंटेनर्स नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायची सोय आहे, त्यात एकाच खिडकीत शेजारी शेजारी टॅब पण प्रत्येकाची कुकी वेगळी, आणि टॅबवर रंगाची पट्टी. तुळशीबाग हिरवा, रविवार पेठ नारिंगी असं मी लावून टाकलंय आणि त्या दिवसानंतर एकदाही घोळ झालेला नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी फायरफॉक्सवर आले. तुम्ही एकाच अकाउंटवर काम करत असाल तर तुम्हाला याचा शून्य उपयोग, हेही तितकंच खरं.

पंखा ओरडतो ही तक्रार सगळ्यांचीच. ब्राउझरला दोष देण्याआधी बघा की खातंय कोण. क्रोम आणि एजमध्ये शिफ्ट धरून एस्केप दाबा, ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, फायरफॉक्समध्ये अॅड्रेसच्या जागी about:processes ला म्हणजे 'अबाउट कोलन प्रोसेसेस'ला जा. मेमरीच्या कॉलमवर क्लिक केलं की सगळ्यात हावरट टॅब वर येतो. माझ्याकडे तो कामाचा टॅब नव्हताच, सकाळी उघडून विसरलेली एक बातम्यांची साइट होती, व्हिडिओच्या जाहिराती आपोआप चालणारी. आठ जीबी रॅमच्या मशीनवर असे चार टॅब असले की कोणताही ब्राउझर गुडघे टेकणार. क्रोममध्ये मेमरी सेव्हर आणि एजमध्ये स्लीपिंग टॅब्ज चालू करा, न वापरलेले टॅब झोपवले जातात. फक्त फॉर्म अर्धवट भरलेली साइट त्याच सेटिंगमधल्या अपवादांच्या यादीत टाकायला विसरू नका. आणि हो, क्रोम-एजच्या सेटिंगमधल्या 'सिस्टिम' या भागात ब्राउझर बंद केल्यावरही बॅकग्राउंडला चालू राहण्याचं एक बटण असतं ते बंद करा, एजमध्ये स्टार्टअप बूस्ट नावाचं बटणही, जुन्या मशीनवर फरक लगेच कळतो.

जाहिरातींनी वैतागला असाल तर इथे ब्राउझर-ब्राउझरमध्ये खरा फरक आहे. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले, त्याला मॅनिफेस्ट व्ही3 म्हणतात, आणि त्यामुळे 2025 मध्ये जाहिराती अडवणारं जुनं यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन क्रोमवर बंद पडलं, आता तिथे त्याची लाइट आवृत्ती मिळते, बऱ्याच जणांना ती पुरते पण जुन्याइतकी ताकद तिच्यात नाही. फायरफॉक्सवर मूळचं यूब्लॉक ओरिजिन अजून चालतं. ब्रेव्हमध्ये ब्लॉकर ब्राउझरच्या आतच बसवलेला आहे, एक्स्टेन्शन टाकायलाच नको, म्हणून घरातल्या ज्या माणसाला सेटिंग्जची कटकट नको त्याला मी ब्रेव्ह टाकून देते.

एजला लोक उगाच नावं ठेवतात. नवीन टॅबवरच्या बातम्या मलाही अजिबात आवडत नाहीत, पण त्याच पानावरच्या गिअरच्या खुणेवर जाऊन कंटेंट बंद करता येतो, एक मिनिटाचं काम. आणि बाबांसाठी मी एजच ठेवलाय त्याचं कारण रीड अलाउड. मराठी बातमी उघडायची, कंट्रोल-शिफ्ट-यू दाबायचं, की आरोही किंवा मनोहर नावाचा आवाज चांगल्या मराठीत वाचून दाखवतो. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर वाचायला मनाई होती, ते खिडकीजवळच्या खुर्चीत चहा घेऊन बसायचे आणि मनोहर त्यांना अग्रलेख वाचून दाखवायचा, वेग थोडा कमी करून. जोडाक्षरं नीट म्हणतो हे त्यांनी खास बोलून दाखवलं. घरी वयस्कर माणूस असेल तर बाकी सगळ्या तुलना बाजूला ठेवा आणि हे आधी करून बघा.

मशीनवर अजून विंडोज 7 असेल तर निवड जवळजवळ उरतच नाही, क्रोम 109 नंतर तिथे येत नाही आणि फायरफॉक्सचीही 115 ईएसआर (जास्त मुदतीची आवृत्ती) ही शेवटची, त्यावर बँकेचं काम करू नका, आधी मशीनचं बघा.

आता ठरलं आणि बदलायचंय, तर सामान हलवताना एक काळजी. बुकमार्क आणि हिस्ट्री नवीन ब्राउझर स्वतःच इम्पोर्ट करतो. पासवर्ड बऱ्याचदा सीएसव्ही फाइल काढून न्यावे लागतात, आणि त्या फाइलमध्ये तुमचे सगळे पासवर्ड उघड्यावर लिहिलेले असतात, कुलूप-बिलूप काही नाही. ती डेस्कटॉपवर राहू देऊ नका, स्वतःलासुद्धा मेल करू नका, इम्पोर्ट झाला की शिफ्ट-डिलीट करा म्हणजे रिसायकल बिनमध्येही राहत नाही. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानात मी रिपेअरला आलेल्या लॅपटॉपवर अशी फाइल स्क्रीनवर समोरच पडलेली बघितलीये, ज्याचा लॅपटॉप त्याला पत्ताही नसणार.

लगेच डिफॉल्ट, म्हणजे लिंक दाबली की आपोआप उघडणारा ब्राउझर, बदलू नका. पंधरा दिवस नव्यात काम करा आणि तोच कागद परत शेजारी ठेवा, यादी लहान झाली तर डिफॉल्ट करा, नुसत्या नवीन ओळी आल्या तर परत फिरा, त्यात कमीपणा काही नाही. आणि जुना ब्राउझर काढूनही टाकू नका. माझ्याकडे डिजिटल सिग्नेचरचा डोंगल लावून सही करायची एक साइट आहे, ती फायरफॉक्सवर हटूनच बसते, बटण दाबलं की नुसतं गोल फिरत राहतं, दोन तास गेले माझे त्यात. कोणावर विश्वास ठेवायचा त्या सर्टिफिकेटची फायरफॉक्स स्वतःची वेगळी यादी ठेवतो, त्यामुळे अशा ठिकाणी अडू शकतं, अपवाद टाकून चालवताही येतं म्हणे पण ऐन शेवटच्या तारखेला ते प्रयोग कोण करणार. त्या एका सहीपुरतं मी क्रोम उघडते, सही करते, पावतीची पीडीएफ सेव्ह करते आणि बंद करते.