रिअ‍ॅक्टिव्ह कुत्रा आणि अंगावर येणारी सुटी कुत्री: वॉकवर या चुका टाळा

समोरून एखादं सुटं कुत्रं मान ताठ करून आपल्या दिशेनं यायला लागलं की रिअ‍ॅक्टिव्ह कुत्रा हातात असलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. मला ते चांगलं माहितीये, कारण आमचा भुऱ्या घरी आला तेव्हा दोन वर्षांचा होता आणि पहिले सहा-सात महिने मी त्याला घेऊन घराबाहेर पडायलाच घाबरायचे. खाली लिहिलेल्या चुकांपैकी बहुतेक मी स्वतः केल्यात आणि त्यातल्या एकीपायी भुऱ्याच्या मानेवर टाके पडलेत, त्यामुळे हे सगळं मनापासून सांगतेय.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे चावरा नाही. दुसरं कुत्रं दिसलं की गरजेपेक्षा जास्त पेटणारा, भुंकणारा, लीशवर उड्या मारणारा, एवढाच त्याचा अर्थ. बऱ्याचदा मुळात भीती असते, म्हणजे तो ओरडून ओरडून सांगत असतो की तू लांब राहा. काही कुत्र्यांचं उलटं असतं, त्यांना जाऊन भेटायचं असतं आणि लीश आडवी येते म्हणून चिडतात. बाहेरून दोन्ही सेमच दिसतं. पण समोरचं कुत्रं खरंच भांडायला आलेलं असेल तर आपल्याला दोन कुत्री एकाच वेळी सांभाळायची असतात, आणि नेमकी तिथेच सगळ्यात मोठी चूक होते.

संकटाच्या वेळी ट्रेनिंग करत बसणं

लोक काय करतात, तर दहा पावलांवर गुरगुरणारं कुत्रं उभंय आणि हे आपल्या कुत्र्याला "सिट, सिट, बघ माझ्याकडे" करतायत. मीपण हेच करायचे. क्लासमध्ये शिकवलं होतं ना, की दुसरं कुत्रं दिसलं की बसव आणि ट्रीट दे. पण ते शांत, लांबच्या, बांधलेल्या कुत्र्यासाठी होतं. एकदा का आपला कुत्रा त्याच्या सहन करायच्या मर्यादेपलीकडे गेला की त्याला नाव ऐकू येत नाही, आवडीचा तुकडा नाकासमोर धरला तरी तो बघत नाही. तो हट्टीपणा करत नसतो, त्याचं शरीर लढू की पळू या अवस्थेत गेलेलं असतं आणि त्या अवस्थेत खाणं-शिकणं सगळं बंद पडतं. वर आपण त्याला बसवून ठेवलं म्हणजे अंगावर येणाऱ्या कुत्र्यासमोर त्याला हलायलाही बंदी घातली. त्याच्या बाजूनं विचार करून बघा.

शिकवायची वेळ वेगळी आणि सुटायची वेळ वेगळी. सुटायच्या वेळी एकच काम, अंतर वाढवायचं. त्याचा भुंकण्याचा आवाज, लोक बघतायत, लीशला ओढ आहे, हे सगळं नंतर बघू.

त्यासाठी घरात, जिन्यात, रिकाम्या रस्त्यावर एक शब्द पक्का करून ठेवा. आमचा शब्द "चल चल" आहे. चालता चालता आनंदी आवाजात शब्द म्हणायचा, लगेच वळायचं, कुत्रा वळून सोबत आला की चालतानाच तीन-चार ट्रीट द्यायच्या. दिवसातनं दहा वेळा, काहीच कारण नसताना. फक्त संकटातच हा शब्द वापरलात तर त्याला कळतं की हा शब्द आला म्हणजे काहीतरी वाईट येतंय आणि तो वळायच्या ऐवजी शोधायलाच लागतो की कुठंय ते.

उशिरा बघणं

मोबाईल. यावर जास्त बोलत नाही, रिअ‍ॅक्टिव्ह कुत्र्यासोबत तो खिशात राहू द्या.

लांबूनच समोरच्या कुत्र्याचं अंग वाचायला शिका. जे कुत्रं नुसतं बघायला येतंय ते जरा वाकडं-तिकडं, कमानीत येतं, अंग सैल असतं, मध्येच जमीन हुंगतं. जे भांडायला येतंय ते सरळ रेषेत येतं, अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर रोखलेली. आणि शेपूट हलतेय म्हणजे फ्रेंडली आहे हा गैरसमज प्लीज सोडा, ताठ वर उचललेली आणि वेगानं थरथरल्यासारखी हलणारी शेपूट ही चांगली खूण नाही. पाठीवरचे केस उभे राहणं म्हणजे मात्र हल्लाच असं नाही, घाबरलेल्या किंवा नुसत्या एक्साइट झालेल्या कुत्र्याचेही केस उभे राहतात.

आपल्या कुत्र्याकडेही तेवढंच लक्ष हवं. भुंकणं ही खूप नंतरची स्टेज आहे, त्याच्या आधी तो ओठ चाटतो, उगाच जांभई देतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो, मग एकदम पुतळ्यासारखा स्तब्ध होतो. तो स्तब्ध झाला की तुमच्या हातात दोन-तीन सेकंद असतात. तेवढ्यात वळलात तर बहुतेक वेळा काही होतच नाही.

लीश करकचून धरणं आणि चुकीचं सामान

घाबरलो की हात आपोआप आवळतो, लीश ताणली जाते, कुत्र्याची मान वर खेचली जाते आणि समोरच्या कुत्र्याला तो छाती काढून उभा राहिल्यासारखा दिसतो. त्यात त्याला मान वळवता येत नाही, बाजूला सरकता येत नाही, म्हणजे "मला भांडायचं नाही" हे सांगायचे त्याचे सगळे मार्ग आपणच बंद करतो. लीश आखूड धरा पण ताणू नका, हुकाजवळ थोडा झोल दिसला पाहिजे. हे बोलायला सोपं आहे, हाताला सवय लागायला मला कित्येक महिने लागले.

बटण दाबून लांब-आखूड होणारी लीश या कामाला अजिबात नको. पातळ दोरी कुत्र्याच्या किंवा तुमच्या पायाला गुंडाळली तर कातडी सोलून निघते, आणि हातातनं हँडल सुटलं तर ते खडखडत मागे येतं आणि कुत्रा आणखीच घाबरून पळतो. साधी, जाड, सहा फुटांची लीश. छातीवर आणि पाठीवर दोन्हीकडे कडी असलेला हार्नेस (गळ्याऐवजी अंगाभोवती बांधायचा पट्टा), आणि तो हार्नेस गळ्यातल्या पट्ट्याला जोडणारा एक छोटा एक्स्ट्रा बेल्ट, कारण घाबरलेला कुत्रा मागे मागे सरकत हार्नेसमधून चक्क निसटतो. भुऱ्या दोनदा निसटलाय.

काटेरी पट्टा, शॉकचा पट्टा, यांच्या मी पूर्ण विरोधात आहे. दुसरं कुत्रं दिसलं आणि मान दुखली, दहा वेळा असं झालं की कुत्रा गणित जुळवतो की कुत्रं दिसलं म्हणजे दुखणार, आणि भीती वाढते. वरवर तो गप्प झालेला दिसतो. गुरगुरण्यावर ओरडणंही तसंच. गुरगुरणं ही त्याची वॉर्निंग आहे, ती मारून टाकली तर उद्या तो वॉर्निंग न देता चावेल. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या व्हेट डॉक्टरांच्या संघटनेनंही 2021 साली स्पष्ट सांगितलं की कुत्र्यांना बक्षीस देऊनच शिकवावं, वर्तनाचा प्रॉब्लेम असलेल्या कुत्र्यांनाही.

मझलबद्दल, म्हणजे तोंडाला बांधायच्या मुसक्याबद्दल, विचारतात लोक. जाळीचा, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात असा मझल हळूहळू सवय लावून घातला तर वाईट नाही, पण सुटी कुत्री अंगावर येतात अशा रस्त्यावर मझल घातलेला कुत्रा स्वतःला वाचवू शकत नाही. त्यामुळे मझल घालायचा असेल तर रस्ताच बदला.

पळणं, किंचाळणं, उचलून घेणं

पळालात तर मागे लागणारच. किंचाळलात तर दोन्ही कुत्री आणखी पेटतात. छोटा कुत्रा असेल तर उचलायचा मोह होतोच, पण उचलल्यावर समोरचं कुत्रं उडी मारतं ते तुमच्या हातावर-तोंडावर, आणि घाबरलेला आपलाच कुत्रा वरून तुम्हाला चावू शकतो. हाताशी एखादं गेट किंवा गाडीचा दरवाजा असेल आणि तीन सेकंदात आत जाता येत असेल तरच उचला.

मग करायचं काय? मी ज्या क्रमानं करते तो सांगते. आधी वळून तिरकं निघायचं, समोरच्याकडे पूर्ण पाठ न करता, आणि मध्ये काहीतरी आडोसा घ्यायचा, पार्क केलेली गाडी, भिंत, झुडूप, काहीही. नजरेआड झाल्यावर निम्मी कुत्री नाद सोडतात. तरी येतच असेल तर भुऱ्याला मागे घेऊन मी मध्ये उभी राहते, हात पुढे करून खालच्या जाड आवाजात एकदाच "थांब" किंवा "हट". डोळ्यात डोळे घालत नाही, पण नजर त्याच्यावरच. मग मूठभर ट्रीट त्याच्या तोंडाच्या दिशेनं जमिनीवर पसरून फेकायच्या. एक-दोन नाही, मूठभर, शोधत बसायला लागलं पाहिजे. खूप वेळा एवढ्यानं काम होतं. बऱ्याच भटक्या कुत्र्यांना दगड उचलायची नुसती अ‍ॅक्शनही पुरते, पण खरंच मारू नका, दुखावलेलं कुत्रं जास्त चिडतं आणि पुढच्या वेळी तुम्हाला लक्षात ठेवतं.

शेवटचं हत्यार म्हणजे बटणानं फाडकन उघडणारी छत्री. समोरच्याला एकदम मोठी भिंत दिसते. मात्र आधी घरी आपल्या कुत्र्याला तिची सवय लावा, नाहीतर पहिला तोच घाबरून निसटेल.

आणि ती माणसं, जी लांबून ओरडतात "काही करत नाही तो, फ्रेंडली आहे". त्यांना तुमचा कुत्रा घाबरतो, त्याला स्पेस हवी वगैरे समजावत बसू नका, तेवढ्यात त्यांचा कुत्रा तुमच्यापर्यंत पोचतो. "तुमच्या कुत्र्याला बोलवा, आत्ता" एवढंच, मोठ्यानं. संकोच करू नका, मी संकोच केला तेव्हाच भुऱ्याच्या मानेला ते टाके पडले.

भांडणात हात घालणं

जुंपलीच तर गळ्यातल्या पट्ट्याकडे हात नेऊ नका. आपलाच कुत्रा, जो आयुष्यात कधी चावला नाही, तोसुद्धा त्या क्षणी मागे वळून जे हाताला लागेल ते चावतो. एकानं दुसऱ्याला तोंडात धरलेलं असताना ओढाओढही करू नका, त्यानं जखम फाटते. पाणी ओता, मोठा आवाज करा, मध्ये छत्री, फळी, बॅग घुसवा, जॅकेट डोक्यावर टाका. दोन माणसं असतील तर दोघांनी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय मांडीपाशी धरून उचलायचे आणि गोल वळत मागे जायचं, म्हणजे त्याला वळून चावता येत नाही. आणि लगेच सोडायचं नाही, सोडलं की परत जुंपतात.

"काही लागलं नाही" म्हणून घरी जाणं

सुळ्याची जखम बाहेरून टाचणीएवढी दिसते आणि आत खिसा झालेला असतो, केसांखाली तर दिसतही नाही. त्याच दिवशी व्हेटकडे जा, रेबीजची लस झालेली असली तरी दाखवा, बूस्टरचं ते सांगतील. तुम्हाला दात किंवा नख लागलं असेल, नुसता ओरखडा असला तरी, वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की हातात जवळजवळ काहीच राहत नाही, म्हणून उद्या बघू हे इथं चालत नाही.

दुसरी चूक इथंच होते, दुसऱ्या दिवशी भीती घालवायला म्हणून मुद्दाम त्याच रस्त्यानं नेणं. ताण एका तासात उतरत नाही. सकाळी फटाक्यासारखा आवाज, दुपारी घरी पाहुणे, संध्याकाळी वॉकवर कुत्रं, हे एकावर एक साचत जातं आणि मग एरवी ज्याकडे तो दुर्लक्ष करतो त्यावरही तुटून पडतो. मोठा प्रसंग झाला की मी दोन-तीन दिवस वॉक बंदच ठेवते, सूसाठी फक्त दारापाशी, बाकी घरातच हुंगून शोधायचे खेळ, चघळायला काहीतरी. एवढ्यानं कुत्र्याचं काही बिघडत नाही. आणि तो अचानकच जास्त रिअ‍ॅक्ट व्हायला लागला असेल तर कान, दात, सांधे तपासून घ्या, दुखणारा कुत्रा जवळ आलेलं कुणीही सहन करत नाही.

रस्ता तोच, वेळ तीच

सुटी कुत्री कुठंही अंगावर येत नाहीत, त्यांच्या राखायच्या जागा ठरलेल्या असतात. झोपायची जागा, खायला मिळतं ती जागा, आणि पिल्लं असलेली आई. त्या आईचा राग धरू नका, दोन-अडीच महिन्यांत पिल्लं मोठी होतात, तोवर तो रस्ता सोडा. मी एका वहीत दोन आठवडे लिहून काढलं की कुठं, किती वाजता, किती कुत्री, आणि मग कळलं की आमचे जवळजवळ सगळे प्रसंग दोनच वळणांवर झालेत.

खरं ट्रेनिंग या सगळ्याच्या बाहेर, शांत वेळी. दुसरं कुत्रं किती लांब असताना आपला कुत्रा त्याला बघूनही ट्रीट खाऊ शकतो, ते अंतर शोधा आणि तिथून सुरू करा, कुत्रं दिसलं की ट्रीट, दिसेनासं झालं की ट्रीट बंद. भुऱ्याचं ते अंतर 60-70 पावलांवरून 25 पावलांवर यायला आठ महिने लागले, तेही बांधलेल्या, शांत कुत्र्यांच्या बाबतीत. सुटं कुत्रं दिसलं तर मी आजही 60 पावलांवरच "चल चल" म्हणते आणि वळते.