क्रॅशचे अल्बम कोणत्या क्रमाने आणि कसे ऐकावेत

दक्षिण कोरियातील थ्रॅश मेटलचा, म्हणजे अतिशय वेगवान व आक्रमक हेवी मेटल संगीताचा, पाया घालणाऱ्या बँडमध्ये सोलच्या क्रॅशचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. 1991 मध्ये स्थापन झालेला हा बँड समजून घ्यायचा, तर त्याचे अल्बम प्रकाशनाच्या क्रमानेच ऐकावेत. आधी 2010 चा अल्बम ऐकून मागे गेल्यास कोणता बदल कधी झाला हे कानांना कळत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर चालू असलेल्या खोलीत हे संगीत ऐकू नये, कारण कूलरच्या सततच्या घरघरीत बेस गिटार आणि बेस ड्रम हे खालचे स्वर बुडून जातात. कान पूर्ण झाकणारे हेडफोन वापरावेत.

सुरुवात ‘एंडलेस सप्लाय ऑफ पेन’ या पहिल्या अल्बमपासून करावी. कार्कससारख्या ब्रिटिश मेटल बँडचे ध्वनिमुद्रण घडवणारे ब्रिटिश निर्माते कॉलिन रिचर्डसन यांनी तो घडवला आहे. तळहाताने तारा दाबून काढलेले गिटारचे तुटक आघात एकदा ऐकावेत, मग तेच गाणे पुन्हा लावून केवळ ड्रमकडे लक्ष द्यावे; थ्रॅशचा वेग या दोहोंच्या घट्ट जुळणीतून येतो. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचे ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे गाजलेले गाणे क्रॅशने येथे आपल्या पद्धतीने वाजवले आहे, आणि परिचित चाल बँडच्या हाती किती कठोर होते हे त्यात सर्वांत सहज कळते.

त्यानंतर थोडे वळण घ्यावे. 1994 मध्ये सो तैजी अँड बॉइज या अतिशय लोकप्रिय गटाने शिक्षणव्यवस्थेवर टीका करणारे ‘क्योशिल इदेआ’ (अर्थ: वर्गाची कल्पना) गाणे काढले आणि त्यात क्रॅशचे गायक व बेसवादक आन हुंग-चान यांचा घोगरा, गर्जणारा आवाज वापरला. मेटल कधीच न ऐकणाऱ्या असंख्य घरांत तो आवाज असा पोहोचला. कोचिंग क्लासच्या वेळापत्रकात वाढलेल्या नागपूरच्या तरुणांना या गाण्यातील राग समजावून सांगावा लागणार नाही.

1995 चा ‘टू बी ऑर नॉट टू बी’ आणि 1997 चा ‘एक्स्पेरिमेंटल स्टेट ऑफ फिअर’ सलग ऐकावेत. 2000 च्या ‘टर्मिनल ड्रीम फ्लो’वर मात्र थांबावे. येथे इलेक्ट्रॉनिक ध्वनी गिटारच्या बरोबरीने येतात, आणि माझ्या मते बँडचे खरे धाडस याच अल्बममध्ये आहे, म्हणून तो न आवडल्यास निदान दोनदा ऐकावा. 2003 चा ‘द मॅसिव्ह क्रश’ ऐकून 2010 च्या ‘द पॅरॅगॉन ऑफ ॲनिमल्स’कडे यावे. त्याचे नावही दुसऱ्या अल्बमप्रमाणे ‘हॅम्लेट’मधूनच घेतलेले आहे. गिटार पुन्हा अग्रभागी आलेला हा अल्बम संपताच पहिल्या अल्बममधील एक गाणे लावावे आणि दोन्हींतील ड्रमची तुलना करावी.