जुन्या वास्तूची डागडुजी करताना या चुका टाळा

जुन्या नाशकात पावसाळा लागला की कुठला ना कुठला वाडा ढासळतो. मग उरलेल्या वास्तूंची काळजी वाटू लागते, निधीची मागणी होते आणि कामाला हात लागतो. आता तर 2027 च्या सिंहस्थाआधी सगळं उरकायची घाई आहे. पण पडझडीतून वाचलेली वास्तू अशा घाईच्या दुरुस्तीनेही खचते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सिमेंट. पेशवाईतली आपली मंदिरं आणि वाडे दगड, वीट आणि चुन्यात उभे आहेत. चुन्याचा सांधा मऊ असतो. भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते आणि झीज आधी सांध्याची होते, दगडाची नाही. दरजा, म्हणजे दगड-विटांमधले सांधे, सिमेंटने भरल्या की ओलीची ती वाट बंद होते. पाणी दगड-विटेतूनच मार्ग काढतं, सोबत क्षार आणतं आणि भिंतीला लोणा धरतो. दोन-चार पावसाळ्यांत वीट भुगा होते, दगडाचे पापुद्रे सुटतात. सिमेंटची दरज मात्र तशीच टणक उभी असते, म्हणून दोष कुणाच्या लक्षात येत नाही.

सिमेंट आधीच भरलेलं असेल तर ते छिन्नी-हातोडीने हळूहळू काढा. कटर लावला तर दगडाच्या कडा जातात. नंतर भिंतीला एक उन्हाळा वाळू द्या आणि मगच चुना भरा. चुना पाण्यात विरवून मुरलेला हवा. चुन्याच्या घाणीत, म्हणजे चुना मळायच्या जुन्या चक्कीत, मळलेला असेल तर उत्तमच. भरल्यावर तो बरेच दिवस ओला ठेवावा लागतो. वैशाखाच्या उन्हात भरून वाऱ्यावर सोडलेला चुना गळून पडतो आणि मग ‘चुना टिकत नाही’ असं म्हणून पुन्हा सिमेंटची पोती येतात.

पाणी कुठून येतंय ते न शोधता गिलावा करणं ही दुसरी चूक. ओल गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंतच असेल तर ती बहुतेक जमिनीतून चढते. आजूबाजूचा रस्ता वाढत वाढत जोत्याच्या वर गेलाय का, फरशी किंवा काँक्रीट थेट भिंतीला भिडवलंय का, ते बघा. आपल्या गावात हे फार झालंय. गोदापात्रातल्या कुंडांच्या तळाचं काँक्रीट काढावं म्हणून नाशिककरांना न्यायालयात जावं लागलं. ओल वरून उतरत असेल तर गच्ची, पन्हाळी आणि शिखरावरची झाडं तपासा. पिंपळ नुसता छाटला तर दुप्पट जोमाने फुटतो, आणि मोठं मूळ ओढून काढलं तर सोबत दगड निखळतात. खोड कापून मूळ जागेवरच मारावं लागतं, आणि पोकळी चुन्याने भरावी लागते.

दगड ‘स्वच्छ’ करण्याचा हव्यासही आवरा. वाळूचा मारा, आम्ल किंवा ऑइल पेंट यांतलं काहीही काळ्या पाषाणाला लावू नका. आपला बेसॉल्ट कठीण खरा, पण सगळा सारखा नसतो. काही थरांत पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या पोकळ्या असतात आणि झीज तिथून लवकर सुरू होते. 1756 च्या सुंदरनारायण मंदिराचे झिजलेले दगड बदलायचं काम राज्य पुरातत्त्व विभागाला हाती घ्यावं लागलं, ते वर्षानुवर्षं चाललं. दगड उतरवायचाच असेल तर आधी प्रत्येकाला क्रमांक द्या, फोटो आणि मोजमापं घ्या. एकदा ढीग झाला की कुठला दगड कुठे होता हे कुणीही सांगू शकत नाही.

वाड्यांत लाकूड बघायचं राहून जातं. तुळई मधोमध धडधाकट दिसते, पण भिंतीत गेलेलं टोक कुजलेलं असतं. तिथे पेचकस टोचून पाहा. कुजकं टोक कापून सागाचा सांधा देता येतो. त्यासाठी अख्खा कडीपाट (लाकडी छत) उतरवून स्लॅब टाकायची गरज नसते.

परवानगीचं थोडक्यात: पांडवलेणी किंवा सिन्नरचं गोंदेश्वर यांसारख्या केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या 200 मीटरसाठी परवानगी लागते. तिकीटघर आणि स्वच्छतागृह कुठे बांधायचं ते म्हणूनच आराखड्यातच ठरवा.

लोकांना आत घेण्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो, आणि मला हे फार खटकतं. दिव्यांसाठी कोरीव खांबाला भोकं पडतात, माहितीफलक थेट भिंतीत ठोकले जातात. वायरिंग फरशीच्या कडेने न्या, फलक सुट्या स्टँडवर लावा. नारोशंकराच्या मंदिरासारखी वास्तू नदीकाठी असेल तर पुराच्या रेषेखाली विजेचा बोर्ड नको. माडीवर एका वेळी किती माणसं चढू शकतील हे अभियंत्याकडून लेखी घ्या आणि जिन्याशी पगारी माणूस बसवा. दुरुस्तीनंतरचा पहिला पावसाळा जाईपर्यंत माडी बंदच ठेवा. तळमजला आणि चौक तेवढा खुला करा, आणि दर मोठ्या पावसानंतर ओलीच्या जागी तारीख टाकून फोटो काढा.