‘आई’चं व्याज परत हवं असेल तर आधी हा हिशेब करा

पहिले एक समजून घ्या ताई, ‘आई’ म्हणजे पर्यटनाचा धंदा करणाऱ्या महिलांसाठीचं राज्य सरकारचं धोरण, आणि त्यात सरकार कर्ज देत नाही. कर्ज बँक देते, हप्ता तुम्ही भरता आणि वेळेवर भरलेल्या हप्त्यांतलं व्याज पर्यटन संचालनालय तुमच्या आधार जोडलेल्या खात्यात परत टाकतं. नागपुरात सीताबर्डीत माझ्या टेबलासमोर बसणारी प्रत्येक बाई ‘पंधरा लाख मिळते म्हणे’ अशीच सुरुवात करते.

करोनानंतर 2021 मध्ये केंद्रानं आणलेल्या योजनेशीही घोळ होतो. तिच्यात मान्यताप्राप्त ट्रॅव्हल एजन्सीच्या 10 लाखांपर्यंतच्या आणि परवानाधारक गाईडच्या 1 लाखापर्यंतच्या कर्जाला सरकारची हमी होती. व्याज मात्र ज्याचं त्यालाच भरायचं होतं. होमस्टे, टूर एजन्सी किंवा जेवणाचं छोटं हॉटेल काढणाऱ्या बाईच्या कामाचं धोरण म्हणजे राज्याचं 2023 चं ‘आई’.

आता आकडे. कर्ज 15 लाखांपर्यंत, व्याज परतावा 12 टक्क्यांच्या मर्यादेत. सात वर्षं, कर्ज फिटणं किंवा परताव्याचे 4.5 लाख, यांपैकी जे आधी होईल तिथं परतावा थांबतो. हे ‘जे आधी होईल’ कोणी वाचतच नाही. 12 टक्क्यांनी सात वर्षांसाठी 15 लाख घेतले तर हप्ता साधारण 26,500 रुपये आणि एकूण व्याज सव्वासात लाखांच्या घरात. तिसरं वर्ष संपता संपता 4.5 लाख पूर्ण होतात, पुढचं व्याज घरचं. तेच 9 लाख घेतले तर सात वर्षांचं सगळं व्याज 4 लाख 35 हजारांच्या आत बसतं, म्हणजे पूर्ण परत येऊ शकतं. पेंचच्या जंगलाजवळच्या देवलापारच्या एका वहिनींना दोन खोल्या आणि स्वयंपाकघर नीट करायचं होतं. त्यांना मी 9 वरच थांबवलं. नवरोबा थोडे नाराज झाले, होऊ द्या. बँकेचा दर 12 च्या वर असेल तर वरचा फरकही तुमच्याच खिशातून जातो, हे मॅनेजरसमोर बसायच्या आधी डोक्यात ठेवा.

कागदांचं म्हणाल तर धंदा बाईच्या मालकीचा आणि बाईनंच चालवलेला पाहिजे. हॉटेल, रेस्टॉरंट किंवा टूर एजन्सी असेल तर निम्मे कर्मचारी महिला हव्यात. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी), पॅन, चालू खातं, सगळं तुमच्या नावानं करून घ्या. आपल्याकडे घर बहुतेक वेळा सासऱ्यांच्या नावावर राहते, अशा वेळी मी त्यांचं संमतीपत्र किंवा भाडेकरार सोबत लावते. खाण्यापिण्याचं असेल तर अन्न परवाना आधी काढा. प्रकल्पाची माहिती स्वतःच्या शब्दांत लिहा: पेंचच्या सफारीचं सिल्लारी गेट किती दूर, खोल्या किती, सकाळच्या सफारीवाल्यांना पहाटे चहा-नाश्ता कोण देणार. झेरॉक्सवाल्याकडचा तयार नमुना भरू नका, त्यात समुद्रकिनाराही निघतो!

क्रमही चुकवू नका. आधी संचालनालयाच्या नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयात अर्ज आणि नोंदणी. तिथून पात्रतेचं पत्र मिळालं की ते घेऊन बँकेत. अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

आणि हप्ता. वेळेवर भरलेल्याच हप्त्याचं व्याज परत येतं, इथंच जंगलातले धंदे अडकतात. पेंचच्या कोअरचे, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागाचे, दरवाजे पावसाळ्यात बंद. खोल्या रिकाम्या, बँक मात्र सुरू. म्हणून कर्ज मंजूर होतानाच तीन हप्ते वेगळ्या खात्यात बाजूला टाका. शहरात टॅक्सी किंवा खोल्यांचा धंदा असेल तर डिसेंबरचं हिवाळी अधिवेशन तुमची दिवाळी, तेव्हाची कमाई सोन्यात घालू नका, जुलैसाठी राखा. हप्त्याची तारीख पगारदारांसारखी 1 किंवा 5 ठेवायचं कारण नाही. तुमचे पैसे शनिवार-रविवारच्या पाहुण्यांनंतर येतात, ट्रॅव्हलवाले तर त्याहून उशिरा देतात. बँकेला 15 नंतरची तारीख मागा, आणि ती करारावर छापून आलेली बघितल्यावरच सही करा.