एकादशी करा, दुप्पट न खाता

सासूबाई वर्षाच्या २४ही एकादश्या धरतात. मीही धरायचे, पण साबुदाण्याची खिचडी नि बटाट्याचे वेफर्स खाऊन संध्याकाळी पित्ताने डोकं धरून बसायचे. आता साबुदाणा बंद. तो नुसता स्टार्च.

वाटीभर वरई धुऊन निथळा, चमचाभर तुपावर परता, अडीच वाट्या उकळतं पाणी घालून झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा. सोबत दाण्याची आमटी: मूठभर कूट, जिरं, हिरवी मिरची, दोन आमसुलं. वरईचं सुटं पीठ मात्र आणू नका. जुन्याला बुरशी धरते, विषबाधा होते. अख्खी आणा, निवडा, लागेल तेवढीच दळा. दुपारी ताक. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, विठोबा रुसत नाही. द्वादशीला पारणं मऊ मूगखिचडीने.